तुम्ही विचारलेत म्हणून: दुकानात चांदीची नाणी का घेतली

‘तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या दुकानदाराने ती खोटी नाणी गल्ल्यात घेतलीच कशी?’ मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, भारतातून येणाऱ्या फोनवर आणि अलीकडे चांदीवर आधारलेल्या डिजिटल चलनांविषयी वाचणाऱ्या तरुणांकडून हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदाच नीट लिहून काढावे असे वाटले. प्रश्न लिबर्टी डॉलरचा आहे. पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात माझे किराणा दुकान होते आणि तिथे ही खासगी चांदीची नाणी मी काही काळ राजरोस घेत होतो. कोणी कायद्याचे विचारतो, कोणी फायद्याचे. पण खोचून विचारले जाते ते प्रामाणिकपणाविषयी, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

नाणी खोटी होती, हा आरोप मी आजही साफ नाकारतो. एका नाण्यात एक औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम, ९९९ शुद्धतेची चांदी होती. आयडाहोमधील ज्या खासगी टांकसाळीत ती पाडली जात, ती अमेरिकी सरकारी टांकसाळीलाही चांदीच्या कोऱ्या चकत्या पुरवत असे. मी ती माझ्या काट्यावर तोलली होती आणि जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडून पारखूनही घेतली होती. धातूबद्दल बोलायचे, तर शब्द कोणी मोडला हे कागदोपत्री आहे. अमेरिकी सरकारने १९६५ च्या कायद्याने दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतली चांदी काढली आणि २४ जून १९६८ नंतर चांदीच्या हमीवर छापलेल्या नोटांच्या बदल्यात चांदी देणे बंद केले. आपल्याकडे १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ साली तो निकेलचा झाला. आजीने गाठोड्यात जपलेले राणीछाप रुपये पाहत मी मोठा झालो. त्यामुळे नाण्यात धातू असावा असे वाटणे मला कधीच विक्षिप्त वाटले नाही, आणि ते तसे आहे असे मला अजूनही कोणी पटवून दिलेले नाही.

अडचण चांदीची नव्हती. ती त्यावर छापलेल्या आकड्याची होती. बर्नार्ड व्हॉन नॉटहाउस यांनी १९९८ मध्ये हे चलन सुरू केले तेव्हा औंसभर चांदी बाजारात पाच डॉलरच्या आसपास मिळत होती आणि नाण्यावर दहा डॉलर छापलेले होते. २००५ च्या अखेरीस चांदी आठच्या आसपास असताना त्याच वजनाच्या नाण्यावर वीस आले. या चलनाचे सदस्य झालेल्यांना ही नाणी छापील किमतीपेक्षा स्वस्तात मिळत आणि त्यांनी ती छापील किमतीला चालवावीत, अशी योजना होती. मी सवलतीत एकही नाणे विकत घेतले नाही. गिऱ्हाइकाकडून वीसला घेतले आणि मागेल त्यालाच, वीसलाच दिले. तरीही आकड्यातला आणि धातूतला फरक कोणाच्या तरी खिशात गेला होता, हे मला ठाऊक होते. अमेरिकी सरकारही १९८६ पासून औंसभर चांदीचे ‘सिल्व्हर ईगल’ नाणे काढते आणि त्यावर एक डॉलर छापते. तिथे आकडा धातूपेक्षा लहान असल्यामुळे कोणाचे नुकसान होत नाही. लिबर्टी डॉलरमध्ये आकडा मोठा होता आणि शेवटी ज्याच्या हातात नाणे राही, त्याने ती तूट भरायची होती.

मग आकडा छापलाच कशाला, असे तुम्ही विचाराल. न छापावा, तर ते नाणे व्यवहारात चालवणे फार अवघड होते. नुसते वजन असलेले नाणे घ्यायचे, म्हणजे दुकानदाराने रोज सकाळी भाव पाहायचा, डाळ-तांदळाच्या किमती त्यात मांडायच्या, विक्रीकर मात्र डॉलरमध्येच भरायचा, आणि पुढे तीच चांदी चढ्या भावाने खर्च केली तर मधल्या वाढीवर प्राप्तिकर द्यायचा. अमेरिकेत वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या चांदीवर तो २८ टक्क्यांपर्यंत जातो. पेशवाईत सोनारांना परवाने देऊन टांकसाळी चालत, एका टांकसाळीचा रुपया दुसरीपेक्षा उणा-अधिक निघे आणि सराफ बट्टा कापून तो घेत. ते निभावले, कारण पेठेपेठेत सराफ होता आणि बट्टा लागतो हे साऱ्यांना माहीत होते. आमच्या गावात नाणी पारखणारा एकच व्यापारी होता. चलन सोपे व्हावे म्हणून त्यावर डॉलरचा आकडा घातला गेला, आणि त्याचा प्रामाणिकपणा डळमळला तो याच आकड्यामुळे. या कात्रीतून सुटका मला तेव्हा दिसली नाही, आजही दिसत नाही.

आता ज्या प्रसंगाविषयी मी आजवर मोघम बोलत आलो, तो सांगतो. २००६ चा उन्हाळा होता. एक निवृत्त शिक्षिका नियमाने दुकानात येत. हळद आणि मसूर नेत आणि थांबून गप्पा मारत. एकदा त्यांनी सुट्ट्या पैशांऐवजी हे नाणे मागितले. मी नेहमीप्रमाणे सगळे सांगितले: यात औंसभर चांदी आहे, छापील किंमत वीस आहे, बँक हे घेणार नाही आणि व्यापारी आज अकराच्या आसपास देईल. त्यांनी ऐकून घेतले, नाणे तळहातावर पेलले आणि पर्समध्ये ठेवले. पुढे त्यांनी ते आपल्या अंगणातले गवत कापणाऱ्या माणसाला मजुरीत दिले. तो मेक्सिकोतून आलेला होता आणि त्याचे इंग्रजी कामापुरते होते. ते घेऊन तो बँकेत गेला. तिथे त्याला बाजूला घेतले, ओळखपत्र मागितले, नाणे कुठून मिळाले ते पुन्हा पुन्हा विचारले, आणि असले काही परत आणलेस तर पोलिसांना कळवावे लागेल असे बजावून नाणे परत केले. परदेशात कागदपत्रांची विचारणा झाली की पोटात कसा गोळा येतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको. मग तो नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला, तिथे त्याला दहा डॉलर सांगितले गेले, आणि शिक्षिकेने माझे नाव सांगितलेले असल्यामुळे दुकान बंद व्हायच्या वेळी तो माझ्याकडे आला. बोलायला त्याने आपल्या लहान मुलीला बरोबर आणले होते.

मुलीने विचारले, “बाबा विचारतात, हे वीस आहेत की दहा?”

मी उत्तर देऊ लागलो. चांदीचा भाव, कागदी नोट, १९६५ सालचा कायदा, महागाई, सगळे ओघाने आले. मुलगी दोन-तीन वाक्यांपर्यंत बापाला सांगत राहिली आणि मग गप्प झाली. तेव्हा मी वीसची नोट काढून पुढे केली. त्याने ती लगेच घेतली नाही. त्याने मुलीला आणखी काही विचारले आणि तिने मला सांगितले, “बाबा विचारतात, त्या बाईंना हे माहीत होते का?”

माहीत नव्हते म्हणावे, तर ते खोटे होते. माहीत होते म्हणावे, तर ज्या बाईंवर तो विश्वास ठेवत होता, त्या लबाड ठरत होत्या. मी म्हणालो, “हो, माहीत होते, मी त्यांना सांगितले होते.” त्याने नोट घेतली, नाणे माझ्या काउंटरवर ठेवले आणि तो गेला. त्याने त्या बाईंचे काम सोडले. बाईंनी मला नंतर सांगितले की, त्यांनीही त्याला सारे समजावले होते. त्याला किती कळले, हे विचारायचे मात्र राहून गेले. त्यानंतर त्याही दुकानात येईनाशा झाल्या.

या साखळीत कोणी खोटे बोलले नव्हते, आणि मला बोच आहे ती याचीच. नाण्याबरोबर आकडा पुढे गेला, स्पष्टीकरण माझ्या काउंटरवरच राहिले. त्या दिवसापासून मी सुटे म्हणून ते नाणे देणे बंद केले. घेणे बंद केले नाही.

दुकानात ‘येथे चांदी चालते’ अशी पाटी लावणारा तेव्हाचा मी इथे मला अडवतो. तो म्हणतो, सरकारी नोटेबरोबर तरी कोणते स्पष्टीकरण येते? १९६५ साली एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तूंना २००६ साली सहा डॉलरहून अधिक मोजावे लागत होते; ती तूट कोणी काउंटरवर समजावून सांगितली? त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. मी इतकेच सांगू शकतो की, महागाईची झळ सगळ्यांना थोडी थोडी लागते, आणि आमच्या नाण्याची तूट एका माणसाला एका काउंटरवर एकदम भरावी लागली. हे उत्तर पुरेसे आहे, असा माझा दावा नाही.

पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २००६ मध्ये सरकारी टांकसाळीने ही नाणी चलन म्हणून वापरणे गुन्हा असल्याचा इशारा दिला, आणि त्यानंतर मी ती घेणेही थांबवले. १४ नोव्हेंबर २००७ रोजी लिबर्टी डॉलरच्या इव्हान्सव्हिल (इंडियाना) येथील कार्यालयावर आणि आयडाहोच्या टांकसाळीवर छापे पडले. नाण्यांबरोबरच लिबर्टी डॉलरची कागदी प्रमाणपत्रेही होती; त्यांच्या हमीसाठी कोठारात ठेवलेली चांदीही छाप्यात जप्त झाली. अशी काही प्रमाणपत्रे माझ्याकडेही होती, आणि चांदी दुसऱ्याच्या कोठारात असली की ती आपली कितपत असते, हे मला त्या आठवड्यात समजले. मार्च २०११ मध्ये स्टेट्सव्हिलच्या न्यायालयात नॉटहाउस दोषी ठरले. त्या वेळी सरकारी वकिलांनी या प्रकाराला देशांतर्गत दहशतवादाचा एक प्रकार म्हटले, याचा मला मनस्वी राग आला आणि तो अजून गेलेला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये शिक्षा झाली ती सहा महिने घरी स्थानबद्धतेची आणि तीन वर्षे देखरेखीची. न्यू यॉर्क राज्यात इथाकाच्या लोकांनी १९९१ पासून स्वतःच्या कागदी नोटा चालवल्या आणि त्यांना कोणी हात लावला नाही, कारण कायद्याची बंदी धातूच्या नाण्यांवर आहे. ज्यात खरोखर काही मोल होते त्यावर बंदी आणि कागदाला मोकळीक, हे मला न्याय्य वाटत नाही.

एप्रिल २०११ मध्ये चांदी ४८ डॉलरच्या पुढे गेली, तेव्हा ‘बघा, तुमचेच खरे ठरले’ असे सांगणारे फोन आले. शिक्षा झाली त्या महिन्यात ती पुन्हा वीसच्या खाली होती. भावाने प्रामाणिकपणा सिद्ध होत असेल, तर तो दर महिन्याला बदलेल.

तरुण मंडळी विचारतात की, आता फोनवर क्षणाक्षणाचा भाव दिसतो, आकडा छापायची गरजच उरलेली नाही, मग पुन्हा असे चलन घ्याल का? नुसते वजन कोरलेले नाणे कोणी हातात दिले, तर त्या दिवसाच्या भावाने मी ते घेईन. कोठारातल्या चांदीचा नुसता दाखला, मग तो कागदी असो वा फोनवरचा, घेणार नाही. आणि ज्याला माझी भाषा पुरती कळत नाही, अशा माणसाला ते नाणे मजुरीत देणार नाही. एवढ्या अटींवर बाजार चालत नाही, असे तुम्ही म्हणाल, आणि दुकानदार म्हणून मला ते मान्य करावे लागते. पण यांतली नेमकी कोणती अट सोडायची, ते मला अजून ठरवता आलेले नाही.