गच्चीवरचा रविवार आणि चटणीवरचं कच्चं तेल

रविवार, रात्रीचे पावणेबारा.

सगळे गेले. भांडी सकाळी बघू. गच्चीवर सतरंज्या अजून तशाच पसरल्यात, शेगडीत दोन-चार निखारे धुमसताहेत आणि माझ्या हाताला लसणाचा वास आहे जो दोनदा साबण लावूनही जात नाही. आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या डबे आणि ऑफिसच्या गडबडीत सगळं निसटून जाईल.

आज घरचेच अकरा जण होते. कोल्हापुरात जेवायला या म्हटलं की माणूस तांबडा-पांढरा गृहीत धरूनच घरातनं निघतो, भावजींचा सकाळीच फोन, "वहिनी, मटण किती आणू?" मी म्हटलं मटण नको, एक किलो खिमा आणा, मशिनमधनं दोनदा काढून घ्या. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "रस्सा न्हाई व्हय?" नाही म्हटलं. आणि त्यांनी निमूट खिमा आणला, याचं मला फार बरं वाटलं.

हे भूमध्य समुद्राकडचं जेवण माझ्या डोक्यात शिरलं ते दोन वर्षांपूर्वी, आणि सुरुवात चुकीच्या बाटलीनं झाली. मी मोठ्या हौसेनं ऑलिव्ह ऑइल आणलं, त्यावर पोमेस लिहिलेलं, मला काय कळतंय, मी त्यातच काकडी-टोमॅटो कालवले आणि चव म्हणून काहीच लागेना. नंतर वाचलं तेव्हा कळलं की पोमेस म्हणजे फळ पिळून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातनं सॉल्व्हंट वापरून काढलेलं आणि मग रिफाइन केलेलं तेल, तळणाला चालेल पण कच्चं खायला त्यात काही नाही. मग एक्स्ट्रा व्हर्जिन आणलं तर ती बाटली दुकानाच्या उन्हातल्या फळीवर किती दिवस होती कोण जाणे, उघडली तर मेणाच्या खडूसारखा वास. खवट. आता मी काळ्या काचेची छोटी बाटली घेते, तारीख बघते, गॅसपासून लांब ठेवते, आणि घरी आल्यावर आधी अर्धा चमचा नुसतं पिऊन बघते. चांगलं तेल घशात मिरीसारखं झोंबतं, थोडा खोकला येतो. तो खोकला आला की मी खूश.

आणि एकदा असंच चमच्यानं तेल पिऊन बघताना मला आईचं ताट आठवलं. शाळूची भाकरी, बाजूला कांदा-लसूण चटणी, चटणीला मधे बोटानं खळगा, आणि त्यात घाण्यावरचं कच्चं शेंगतेल. फोडणी नाही, गरम करणं नाही. तेल तिथं मसाल्यासारखंच होतं, चव म्हणून. ग्रीसमध्ये, लेबनॉनमध्ये लोक शेवटी वरून तेलाची धार सोडतात ती याच भावनेनं, हे माझ्या डोक्यात बसलं आणि त्यानंतर मी रेसिपी पाठ करणं सोडून दिलं. तोवर मी चिमूट-चमचा मोजत बसायचे आणि जेवण परीक्षेसारखं व्हायचं.

आजचंच घ्या. दीड लिटर म्हशीच्या दुधाचं दही काल रात्री मीठ घालून मलमलच्या फडक्यात बांधलं आणि नळाला टांगलं. आत्ती बघून म्हणाल्या, "श्रीखंडाला चक्का बांधलास व्हय, मग मीठ कशाला?" लेबनॉनकडं याला लबने म्हणतात आणि तो हा आपला चक्काच, फक्त साखरेऐवजी मीठ. सकाळी फडकं सोडलं तर आत पांढरा घट्ट गोळा, फडक्याची वीण अंगावर उमटलेली. तो ताटलीत पसरला, चमच्याच्या पाठीनं गोल गोल आळी केली, त्यात तेल, वर पुदिना. बास.

वांग्यांची थोडी पंचाईत झाली. आपल्याकडं कृष्णाकाठची वांगी म्हणजे सोनं, पण ती छोटी, भरून करायची. भाजायला मोठं मऊ भरताचं वांगं लागतं, ते कपिलतीर्थ मंडईत तिसऱ्या गाळ्यावर मिळालं. ते थेट कोळशावर काळंकुट्ट होईपर्यंत भाजलं आणि सोलून चाळणीत वीस मिनिटं निथळत ठेवलं, हे निथळवणं मी आधी करत नव्हते आणि भरीत पाणचट व्हायचं. सोलताना पाण्याखाली धरायचं नाही, सगळा धुराचा वास वाहून जातो. मग लसूण, लिंबू, मीठ, आणि तिळाची पेस्ट म्हणजे ताहिनी. तिकडं मुतब्बल म्हणतात याला. फोडणी नाही घातली म्हणून आत्ती जरा अस्वस्थ होत्या.

ताहिनी घरीच करते. पांढरे तीळ फक्त कोमट होईतो परतायचे, रंग बदलता कामा नये, मागच्या वेळी माझे तीळ लालसर झाले आणि सगळं हमस कडू झालं, पाव किलो काबुली चणे वाया. आज मात्र जमलं. चणे रात्रभर भिजवले, शिजवताना चिमूटभर सोडा, बोटात धरला की लोणी व्हावा इतका शिजवला, मग गरम असतानाच मिक्सरला, आणि ताहिनी-लिंबू घालून शेवटी बर्फाचं पाणी थोडं थोडं. बर्फाच्या पाण्यानं ते बघता बघता पांढरंफेक आणि हलकं होतं, धाकटी मिक्सरजवळ उभी राहून बघत होती. तिला सांगितलं की हमस या अरबी शब्दाचा अर्थच हरभरा, तर म्हणाली मग आपण हरभराच म्हणूया.

सगळ्यात जास्त आनंद मला खपलीचा झाला. आपल्याकडं खपली म्हणजे खिरीचा गहू, गूळ घालून मोठ्या पातेल्यात शिजणारा. इटलीत याच गव्हाला फार्रो म्हणतात, टस्कनीतल्या गार्फान्याना भागात तो पिढ्यान् पिढ्या पिकतो, आणि ते लोक त्याचं सूप करतात, सॅलड करतात. मी रात्रभर भिजवून कुकरला शिजवला, निथळला, गार केला, त्यात काकडी, टोमॅटो, भरपूर पुदिना आणि कोथिंबीर, लिंबू, तेल. पार्सली इथं कधी मिळते कधी नाही, मी तिच्या मागं लागत नाही. दाणा दाताखाली टचकन येतो. मामांनी तीन वेळा घेतला आणि म्हणाले, "खपली अशी पण लागती व्हय."

खिम्यात कांदा किसून घट्ट पिळून घातला (पाणी राहिलं की खिमा सळईवरनं निखाऱ्यात पडतो, अनुभव आहे), जिरं, धणे, पुदिना, मीठ. सळईला चपटा थापून तासभर फ्रिजमध्ये. भावजींनी शेगडी ताब्यात घेतली ती सोडली नाही, पंखा घालत घालत त्यांचा रस्सा विसरला. वर शिंपडायला तीळ, ओवा आणि वाळवलेल्या आमसुलाची पूड केली होती. तिकडचं जातर थाइम, तीळ आणि सुमाक या आंबट फळाच्या पुडीचं असतं, पण थाइमला जो वास असतो तो थायमॉलचा आणि ओव्यातही तोच, त्यामुळं ओवा थोडा कमी घातला की बेत जवळ जातो.

युनेस्कोनं २०१० साली भूमध्यसागरी आहाराला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को होते, २०१३ ला सायप्रस, क्रोएशिया, पोर्तुगालही आले. त्यात पदार्थांइतकंच एकत्र बसून जेवण्याला महत्त्व दिलंय, हे मला आज सतरंजीवर बसल्यावर पटलं. पंगतीत वाढणारे उभे आणि जेवणारे बसलेले असतात. आज सगळं मधे ठेवलं होतं, मी पण बसले. लग्नाला सोळा वर्षं झाली, घरच्या मोठ्या जेवणात मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पहिला घास घेतला. साडेसातला बसलो ते दहा वाजून गेले तरी कुणी उठेना, गार वारं सुटलं होतं, मुलं ताटल्या पुसून खात होती.

मधेच आत्ती उठून खाली गेल्या. मला वाटलं त्यांना काही रुचलं नसावं, जिवाला लागलं थोडं. पाच मिनिटांत जिना चढून वर आल्या तर हातात कांदा-लसूण चटणीची बरणी. काही न बोलता त्यांनी लबन्याच्या एका कडेला चमचाभर चटणी ठेवली, बोटानं खळगा केला आणि माझ्या काळ्या बाटलीतलं तेल त्यात ओतलं. भाकरीचा तुकडा मोडून चटणी, तेल आणि चक्का एकत्र उचलला, खाल्ला, आणि दुसरा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

तेल घशात झोंबलं आणि मागनं चटणी.

झोपायला जाताना म्हणाल्या, "उद्याच्या दह्यातलं थोडं बांधून ठेव गं, मला सकाळी भाकरीसंगं पायजे." आत्ताच बांधून आलेय. नळाला टांगलंय, खाली पातेल्यात थेंब पडतोय तो इथपर्यंत ऐकू येतोय.