लक्ष नाही म्हणे!
आज भाचीला घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो होतो. दुसरीतली पोर. शाळेतून सारखी एकच तक्रार, 'वर्गात लक्ष नसतं, मध्येच टक लावून बसते.' त्यावरून घरी किती बोलणी खाल्ली असतील तिने!

डॉक्टरांनी तिच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरली. "बाळा, फुंकत राहा, थांबायचं नाही." थोड्या वेळाने फुंकर एकदम थांबली. नजर शून्यात, पापण्या फडफडतायत, हाक मारली तरी ओ नाही. काही सेकंदांनी पुन्हा फुंकायला लागली, मध्ये काही झालंच नाही अशी. हीसुद्धा फिटच, फक्त हातपाय न झाडणारी. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ईईजीतही, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीतही, ते स्पष्ट दिसलं. गोळ्या सुरू झाल्या आहेत. या प्रकारात बहुतेक मुलांना औषधं चांगली लागू पडतात.

बाहेर एक तरुण बसला होता. फिट येत नाही म्हणून त्याने मनानेच गोळ्या बंद केल्या आणि परवा कामावर कोसळला. वर कुणीतरी त्याच्या दातांत चमचा घातला, कांदा हुंगवला. अहो, नका करू असलं काही! कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. आणि कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढा, निदानाला त्याचा फार उपयोग होतो.

उद्या ताई शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला सगळं सांगणार आहे. मीही जातोय सोबत.