तुम्ही विचारलंत म्हणून: दमलेल्या नातवंडांना पहाटे बाहेर कशाला काढता?

"अहो, एवढा प्रवास करून आलेली पोरं, त्यांना झोपू द्यायचं सोडून पहाटे अंबाबाईला कुठं घेऊन निघालाय?" दर डिसेंबरात आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणी ना कुणी हे विचारतंच. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्या मैत्रिणी फोन करून विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

माझी लेक शिकागोला असते. नात 9 वर्षांची, नातू 6 वर्षांचा. हिवाळ्यात तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेअकरा तासांचं अंतर, म्हणजे जवळजवळ दिवसाची रात्रच. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजतात तेव्हा तिकडं दुपारचे 3 वाजलेले असतात. शाळा सुटायची आणि भूक लागायची वेळ.

पहिल्या खेपेला हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अडीचला दोघंही टक्क जागी झाली आणि मी अंधारात त्यांना थोपटत बसले. "डोळे मिटा, रात्र आहे." नातू रडकुंडीला आला. दुपारी जेवता जेवता दोघं आडवी झाली, तर दमलीत बिचारी म्हणून मी उठवलं नाही. ती उठली रात्री 8 ला! मग काय, पुन्हा पहाटेपर्यंत जागरण. पंधरा दिवसांच्या सुट्टीतले सहा दिवस असे गेले. एवढ्या लांबून आलेल्या पोरांनी आजोळ बघितलं ते खिडकीतून, काळोखातलं. त्याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून मी त्यांच्या जागेपणाशी भांडत नाही. अडीचला उठली की स्वयंपाकघरात दिवा लावते आणि गुरगुट्या भात, तूप, मेतकूट वाढते. बिस्किटांचा पुडा फोडत नाही. पोटाला गरम अन्न पडलं की मुलं शांत होतात. मग स्वेटर घालून पाचच्या सुमाराला आम्ही बाहेर पडतो. दुसऱ्या कुठल्या गावात एवढ्या पहाटे मुलांना कुठं न्यायचं हा प्रश्न पडला असता. कोल्हापूर मात्र तेव्हा जागं असतं. तालमीत जोर-बैठका सुरू झालेल्या असतात, देवळाची दारं उघडलेली असतात.

वाटेत खासबाग लागतं. शाहू महाराज 1902 मध्ये विलायतेला गेले होते, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि पुढं इथं कुस्तीचं मैदान बांधलं, ते 1912 मध्ये सुरू झालं, हे मी मुलांना भिंतीपाशी उभं करून सांगते. परका मुलूख पाहताना डोळे उघडे ठेवले की काय होतं, ते त्यांना यातून कळावं असं मला मनापासून वाटतं.

महाद्वारात हारवाली बाई म्हणाली, "थांबा हं बाळ, मी कमळ घेऊन येतो." नात माझ्या कानाशी लागली, "आजी, त्या 'येतो' का म्हणाल्या? आई तर 'येते' म्हण म्हणते." मी म्हटलं, कोल्हापुरात बायका असंच बोलतात, आणि तुझी आईसुद्धा लहानपणी असंच बोलायची. दिवसभर पोरगी "मी जातो, मी खातो" करत हिंडली. शिकागोत मराठी शाळेत शिकून हे तिला कुठून मिळालं असतं?

देवळात दगड गार. अनवाणी पाय आखडून नातवानं विचारलं, "मी कधी बरा होणार?" त्याला मी किरणोत्सवाची गोष्ट सांगितली. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तुझ्या अंगातलं घड्याळही असंच उजेडानं थोडं थोडं सरकतं, दिवसाला साधारण तासभर. तुला तीन दिवस पुरणार नाहीत, पण रोज जरा वर चढशील.

खरी कसोटी दुपारी 3 ला. तिकडं तेव्हा पहाटेचे साडेतीन, गाढ झोपेची वेळ. मुलं उभ्या उभ्या पेंगतात. तासभर झोपू देते, गजर लावून. उठवताना रडतात, जावई कळवळतात, तरी मी उठवते. इथं मन घट्ट करावंच लागतं. तोंड धुऊन थेट रंकाळा तलाव. उन्हात चालायचं, शालिनी पॅलेसच्या बाजूला पाणी बघत बसायचं, भेळ खायची, तिखट न घालता.

आणि अंधार पडायच्या सुमाराला गंगावेशचा दूध कट्टा. डोळे मिटत आलेल्या नातवासमोर एक भली मोठी म्हैस येऊन उभी राहिली आणि त्याची झोप कुठल्या कुठं पळाली. गवळी तिथंच धार काढतो, लोक उभ्यानं फेसाळ दूध पितात. मुलांना मी ते कच्चं देत नाही. किटलीत घेते, घरी उकळते, साखर घालते.

रात्री साडेआठपर्यंत जागवलं. दोघं दूध पिऊन लवंडली. मला पहाटे कुणीतरी हलवलं तेव्हा घड्याळात 4 वाजले होते, अडीच नव्हे. नातू उशाशी उभा, टोपी घालून तयार.

"आजी, म्हशी उठल्या असतील का?"