समोरच्याचे षटकोनी दिवे आणि आमच्या दोन बालद्या

आपल्या गाडी धुण्याच्या धंद्याची माहिती लिहून दे म्हणून भाच्याने वर्षभर डोकं खाल्लं. त्याला हवं होतं चार ओळींत: कधी सुरू झालो, काय काय करतो, दुकानाची वेळ. ते त्याने फलकावर लिहावं. मला लिहायचंय ते निराळं. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत अजून एक कंडी फिरते आहे की समोर नवीन दुकान आलं, आमचं गिऱ्हाईक पळालं, म्हणून आम्ही लोकांना घरी गाडी धुवायला शिकवायला लागलो. साफ खोटं. शिकवणं आधीचं, समोरचा नंतरचा. हा क्रम एकदा लिहून ठेवायला हवा होता, तो ठेवतो.

आमची सुरुवात रॅम्पची. सिमेंटचे दोन कट्टे, मध्ये खड्डा, जुना घेतलेला पिस्टन पंप आणि पायाने मारायचा ग्रीस पंप. तेव्हा खाणी जोरात होत्या. शिरगाव, मये, पिळगाव या पट्ट्यातून सारमानसच्या जेटीकडे टिपरांची रांग लागायची ती दिवस बुडेपर्यंत. कौलं तांबडी, केळीची पानं तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे. गिऱ्हाईक शोधायला जावं लागत नसे. टिपर, टिपरमालकांच्या जीपगाड्या, कंत्राटदारांच्या बोलेरो. मे महिन्यात तर खालून जळकं ऑईल मारून घ्यायला नंबर लागायचे, कारण जून लागला की चार महिने चेसिसला कोरडा दिवस दिसत नाही.

त्या धुळीबद्दल आताच सांगून टाकतो, कारण खाणी बंद-चालू होत राहिल्या तरी लोकांची खोड गेली नाही. ती साधी माती नव्हे. लोहखनिजाची पूड गाडीच्या वरच्या क्लिअर कोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, कितीतरी कठीण असते. कोरड्या फडक्याने ती पुसली की रंगावर बारीक पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच. आधी पाण्याने वाहून जाऊ द्या, हात मागाहून लावा. मोरपिशी ब्रश, गाडीतला पिवळा कपडा, सगळं याच पापाचे धनी.

मग 2012 उजाडलं. सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. वर्तमानपत्रात ते अब्जावधींचे आकडे, कायदा, पर्यावरण असं सगळं होतं. आमच्या रॅम्पवर त्याचा अर्थ एवढाच, की सकाळी पंप सुरू करायचं कारण उरलं नाही. टिपर घरासमोर चाकांखाली दगड लावून उभे राहिले. हप्ते थकलेला माणूस गाडी धुवायला आणील कशाला? उधारीची वही तेवढी भरलेली. तिच्यातली अर्धी नावं अशी, की वसुलीला गेलो तर त्यांच्या घरचीच चूल कशी पेटते हा प्रश्न. मी गेलोच नाही. ज्यांना देता येत होतं आणि तरी दिलं नाही, त्यांची नावं मला पाठ आहेत, आणि आमच्या गल्ल्यावरून जाताना ते अजून दुसरीकडे बघतात.

पोरं एकेक करून गेली. कोणी वेर्ण्याला फॅक्टरीत, कोणी कळंगुटला हॉटेलात. कॉम्प्रेसर विकला. जॅक विकायला काढला तर भंगाराच्या भावाने मागितला, म्हणून ठेवला. रॅम्पची जागा भाड्याची. भाटकार चांगला माणूस, पण चांगल्या माणसालाही किती महिने तोंड दाखवणार? घरात बोलणं असं चालायचं की पणजीला कुठल्या तरी शोरूममध्ये धुलाईवर लागावं आणि हे बंद करावं. कुलूपसुद्धा आणून ठेवलं होतं.

त्या काळात बाई आल्या. मयेच्या, हायस्कूलच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. नाव लिहिलेलं त्यांना खपणार नाही. गाडी काळी. या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. काळ्या रंगात काही लपत नाही. बाईंनी गाडी उन्हात उभी केली, बॉनेटकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हे कोळ्याचं जाळं कोणी विणलं सांग." शेजारचा मुलगा रोज सकाळी प्रेमाने फडकं मारत होता. मी सांगितलं, बाई, त्याला थांबवा. त्या म्हणाल्या, "त्याला थांबवते. पण तू मला धुवायला शिकव. फी देईन. शिकवणी फुकट घेतलेली मला आवडत नाही."

रॅम्प रिकामाच होता. प्लास्टिकच्या खुर्चीत वही घेऊन बसल्या आणि मला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. दोन बालद्या कशाला? एकीत शाम्पू, एकीत नुसतं पाणी. हातमोजा गाडीवरून आला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत. बालदीच्या तळाशी जाळी का? खाली बसलेली रेती मोज्याला परत चिकटू नये म्हणून. चाकं आधी की शेवटी? आधी, आणि त्यांची बालदी, ब्रश, कपडा सगळं निराळं, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. वरून खाली का? कारण दारांच्या खालच्या भागाला सगळ्यात जास्त घाण असते, ती टपावर न्यायची नाही. गोल गोल का नाही? सरळ रेघ मारली तर चुकून पडलेला ओरखडा एकाच बाजूने दिसतो. त्यांनी वहीत लिहिलं, "चाकांचा कपडा चाकांचाच", आणि खाली लाल शाईने दोनदा रेघ मारली. मग मला वही दाखवून म्हणाल्या, "हे तू छापून का देत नाहीस?"

हे 2013 सालचं. समोरचा तेव्हा आमच्याच रॅम्पवरचं काम सोडून गेलेल्या पोरांपैकी एक होता. तारीख बाईंच्या वहीत आहे, कोणाला बघायची असेल तर.

मग नुसता कागद नको, घरी गाडी धुवायचं सामानही सोबत द्यावं असं ठरलं. ते किट असं तयार झालं. बालदीची तयार जाळी बाहेरून मागवायला परवडत नव्हती, तेव्हा म्हापशाच्या बाजारातून मासळीचे फुटके क्रेट आणले, तळ गोल कापून घेतले, खाली पायपाचे तुकडे पाय म्हणून बसवले. वास जायला फार धुवावे लागले. आजही आमची जाळी तशीच असते, फक्त क्रेट नवे घेतो. हातमोजा मायक्रोफायबरचा, लांब केसांचा. स्पंज देत नाही; स्पंजाच्या सपाट तोंडावर खडा अडकला की तो पूर्ण दरवाजाभर घासत जातो. पुसायचा टॉवेल जाड, मोठा, काठ शिवलेला नसलेला. शाम्पू न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही. भांडी घासायचं लिक्विड वापरणाऱ्याला मी समजावत बसत नाही, त्याच्या गाडीवरचं मेण उतरलं की तो स्वतःच येतो. प्रेशर वॉशर हवाच असं नाही, बागेची नळी चालते. घरी मशीन असेल तर नोझल हातभर लांब धरा आणि टायरच्या बाजूला, रेडिएटरला, रंग उडालेल्या जागेला धार लावू नका.

किनाऱ्याकडच्या लोकांसाठी एक निराळा कागद घालतो. तिथल्या विहिरींचं पाणी मचूळ, उन्हात वाळलं की पांढरे गोल डाग. सकाळी लवकर धुवा, एकेक भाग करून लगेच पुसा. पावसाळ्यात कौलांच्या पन्हळीखाली पिंप लावा आणि शेवटची धार त्या पाण्याची मारा, डाग पडत नाही. फणसाखाली गाडी लावत असाल तर पाखरांची विष्ठा नखाने काढू नका. ओला कपडा दहा मिनिटं ठेवा, ती सुटते. आणि धुऊन झालं की गल्लीतून एक फेरी मारून या, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरणार नाही. हे बाईंच्या वहीत नव्हतं, माझं आहे.

मधली वर्षं बरी गेली.

समोरचा आला तो छताला षटकोनी दिवे लावून. आता प्रत्येक गावात आहेत, तेव्हा डिचोलीत नवल होतं. रात्री लोक नुसते दिवे बघायला थांबायचे. सिरॅमिक कोटिंग, "आजीवन गॅरंटी", "9एच, दगडासारखं कठीण". अहो, 9एच हे पेन्सिलीचं माप. रंगावर टोक सपाट घासलेल्या पेन्सिली फिरवून करायची ती चाचणी, त्यातली सर्वांत कठीण पेन्सिल 9एच. दगडाशी काही संबंध नाही. कोटिंग वाईट नसतं, आम्हीही करतो. पाणी घसरतं, घाण कमी धरते, धुणं सोपं होतं. पण तो थर असतो एखाद-दोन मायक्रॉनचा, आणि कोरडं फडकं मारलं तर त्याच्यावरही जाळं पडतंच. हे आम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगायचो. समोरचा सांगत नसे. गिऱ्हाईक कोणाकडे जाईल?

गेलं. पण तेही सोसलं असतं. त्याने पुढे सुरू केलं की आमच्या किटमधला शाम्पू कोटिंग खातो. ज्याने आमच्याकडे बालदी कशी धरतात ते शिकलं, त्याने. लोक किट परत आणून द्यायला लागले, उघडलेल्या बाटल्यांसकट. मी भांडायला निघालो होतो. बाईंनी थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून पीएच पेपरची डबी घेऊन आल्या. आमच्या गल्ल्यावर दोन कप मांडले. एकात आमचा शाम्पू पाण्यात, दुसऱ्यात समोरच्याकडून गिऱ्हाईक म्हणून विकत आणलेला फोम. आमची पट्टी हिरवट, सातच्या खुणेवर. त्याची बघता बघता निळी आणि मग जांभळ्याकडे. म्हणजे चांगलाच अल्कली. फेस भरपूर, दिसायला झकास, आणि मेण असेल तर ते उतरवणारा. बाईंनी दोन्ही पट्ट्या कागदावर चिकटवल्या, तारीख घातली, सही केली आणि तो कागद आमच्या काचेवर आतून लावला. समोरच्याचं नाव त्यावर घालू दिलं नाही. म्हणाल्या, "पट्टी बोलते आहे, तू गप्प राहा." मी गप्प राहिलो. हे लिहीपर्यंत राहिलो.

त्यानंतरची कामं आमच्याकडे आली ती दुरुस्तीची. एकाच जागी गोल फिरणारं रोटरी पॉलिश मशीन घाईत फिरवलं की रंगात धुरासारखे वळसे उठतात, सावलीत दिसत नाहीत, पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली दिसतात. आम्ही पेंटची जाडी मोजायचं मीटर घेतलं ते याच गाड्यांसाठी. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट चाळीस-पन्नास. एका पांढऱ्या सेडानच्या बॉनेटच्या काठावर आकडा इतका खाली आला की मी पॅड ठेवून दिलं. मालक म्हणाले, थोडं करा. मी नाही केलं. डी-ए मशीन (फिरता फिरता हलणारं, रंगाला कमी धोक्याचं), मऊ पॅड, मधल्या भागात हलका हात, आणि काठ तसाच. गेलेला क्लिअर कोट पॉलिशने परत येत नाही, नवीन रंगच मारावा लागतो. चकाकीसाठी दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कंपाउंड (रंग घासणारं पॉलिश) मारून घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरी बसले, गाड्या अंगणात, हाताला काम नाही. रॅम्प बंद असतानाही किटने घर चाललं. लोकांना शिकवून स्वतःच्याच पोटावर पाय दिला म्हणणाऱ्यांनी तेव्हाचा आमचा हिशेब बघायला हवा होता. समोरच्याचे दिवे त्या वर्षी विझले, नंतर त्याने पर्वरीकडे जागा घेतली असं ऐकतो. त्याची पोरं क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढायची मातीसारखी वडी) आणि पॅड घ्यायला अजून आमच्याकडे येतात. देतो. छापील किमतीला, रोख.

बाईंची काळी गाडी अजून आहे. क्ले वर्षातून एकदा, मेण पावसाआधी, बाकी सगळं त्या स्वतः करतात. हल्ली गुडघे दुखतात म्हणून चाकं तेवढी आमचा पोरगा धुतो. त्याच्या हातात चाकांचा कपडा आहे की दुसरा, हे त्या खुर्चीत बसून बघतात.

किट दुकानात कायम मिळतं. जुनी बालदी आणली तर जाळी आणि मोजा सुटा देतो. मायक्रोफायबर कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, सुगंधी सॉफ्टनर तर अजिबात नको, तंतू बुजतात आणि पाणी ओढेनासे होतात. चवथीच्या आधीच्या आठवड्यात पॉलिशिंगचं काम घेत नाही. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची असते, आणि घाईत मशीन हातात धरायचं नाही हा आमचा नियम आहे.