आईच्या वहीसाठी काढलेले फोटो

आईच्या पाककृतींच्या वहीची पानं सुटायला लागली, तेव्हा गेल्या वर्षी मी ती टाइप करायला घेतली. प्रत्येक पदार्थाचा फोटो हवाच, हे तेव्हाच ठरवलं. बंगळुरूला शिकणाऱ्या माझ्या भाचीला ‘आमटी बेताची दाट’ वाचून काय कळणार? तिला ती दिसायला हवी.

सुरुवात कटाच्या आमटीपासून केली. होळीचा दिवस, रात्रीचे साडेआठ, ओट्यावर ट्यूब आणि हॉलमधला पिवळा दिवाही चालू. आईने फोटो बघितला आणि एवढंच म्हणाली, “अगं, आपल्या आमटीचा हा रंग नाही.” खरंच नव्हता. वाटीची एक बाजू निळसर, दुसरी पिवळट, कटावर ट्यूबची पांढरी रेघ आणि वर माझ्या हाताची सावली. एका रंगाचा उजेड असेल तर फोन तो सांभाळून घेतो. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की त्याला दोन्ही सावरता येत नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला घरातले सगळे दिवे बंद केले आणि तीच आमटी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. उजेड बाजूने येत होता. दुसऱ्या बाजूला सावली फार काळी पडत होती, म्हणून तिथे थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा केला. तेवढ्याने सावली उजळली आणि कटाचा तो तांबूस तपकिरी रंग पहिल्यांदा नीट उमटला. थेट ऊन येत असेल, तर मी खिडकीला पांढरी सुती ओढणी लावते. पावसाळ्यात तिचीही गरज नसते, ढगाळ आकाशातून मऊ उजेड येतो. श्रावणातले सगळे फोटो मला सोपे गेले ते त्यामुळेच.

खरी परीक्षा उकडीच्या मोदकांनी घेतली. पांढऱ्याशुभ्र उकडीचे मोदक फोटोत करडे दिसायचे. कारण नंतर कळलं: समोरचं दृश्य साधारण मध्यम करड्या उजळपणाचं आहे, असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. म्हणून पांढरं ते काळवंडवतो आणि काळ्या मसाल्याची भाजी उगाच फिकट करतो. आता मी पदार्थावर बोट ठेवते आणि बाजूला जे सूर्याचं चिन्ह येतं, ते मोदकांसाठी थोडं वर सरकवते, काळ्या रश्शासाठी खाली. मोदक हळदीच्या पानावर ठेवला आणि उजेड अगदी आडवा घेतला. तेव्हा आईने चिमटीने काढलेली एकेक मुखरी वेगळी दिसली. प्रत्येकीच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला बारीक सावली. समोरून उजेड घेतला असता तर मोदक नुसता गोळा दिसला असता.

ताटाचा फोटो बरोबर वरून घ्यावा लागतो, नाहीतर मागच्या वाट्या झाकल्या जातात. रंग छान जुळतो म्हणून मी हिरवी चटणी उजवीकडे, बटाट्याच्या भाजीशेजारी वाढली. आईने लगेच हटकलं, “चटणी उजवीकडे कुठे वाढतात?” तिचं बरोबर होतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे; भाची हा फोटो बघूनच ताट वाढायला शिकणार आहे. तेव्हापासून ताटातलं काही हलवायचं नाही, उजेड बदलायचा असेल तर अख्खं ताट फिरवायचं आणि आपण जागा बदलायची.

बाहेर खाताना एवढी तयारी जमत नाही. कोल्हापुरात मिसळ खाताना मी दुपारची वेळ धरली आणि खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं. फ्लॅश मी कधीच वापरत नाही, तर्रीवर पांढरा डाग पडतो. फोन वाटीच्या फार जवळ नेला की कडा ताणल्यासारख्या दिसतात. म्हणून मागे सरकून दुप्पट झूम केलं, वाटी गोलाकार आली. उजेड पलीकडून येईल अशी बसले, त्यामुळे तर्री चकाकली आणि वाफही दिसली. वाफेने भिंग धुरकटतं, ते आधी रुमालाने पुसलं. रस्सा ओतल्यावर दोन-तीन फोटो झाले की फोन बाजूला. फरसाण मऊ पडायच्या आत मिसळ खाल्लीच पाहिजे, फोटोसाठी ती थांबवणं मला पटत नाही. शेजारच्या टेबलावरची माणसं चौकटीत येणार नाहीत, एवढंही बघते.

आतापर्यंत बत्तीस पदार्थ झाले. पिठलं अजून मनासारखं आलेलं नाही, दोन मिनिटांत त्यावर साय धरते आणि तकाकी जाते. परवा वरणभाताचा फोटो घेत होते. फोन धरला, उजेड नेमका होता, तेवढ्यात आई म्हणाली, “थांब गं, तूप राहिलंय.” तिने पळीने तूप सोडलं, ते भाताच्या मुदीवरून वरणात उतरायला लागलं, आणि मी बटण दाबलं.