दुसऱ्याच्या तिथी

2025 च्या मे महिन्यात पाऊस वेळेआधीच येऊन टपकला आणि आमच्या गॅलरीचा स्लॅब गळायला लागला. दुपारची झोप मोडली ती त्या टपटपीनं. उठलो, न्हाणीतली निळी बादली आणून बरोबर धारेखाली ठेवली आणि एकटाच हसत सुटलो. बायको म्हणाली, "गळतंय त्यात हसण्यासारखं काय आहे?" तिला काय सांगणार! मी बादलीचा फोटो काढून भाच्याला पाठवला. खाली लिहिलं : 'ओल्ड ट्रॅफर्डवरून थेट प्रक्षेपण.'

इंग्लिश फुटबॉलमध्ये भाचा मँचेस्टर युनायटेडचा चाहता, मी लिव्हरपूलचा. त्याच्या आधीच्या वर्षी, मे 2024 मध्ये, आर्सेनलबरोबरचा सामना संपता संपता मँचेस्टरात धो धो पाऊस झाला आणि युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छपराच्या कोपऱ्यातून असा लोट कोसळला, की आंबोलीच्या धबधब्यानं मान खाली घालावी. पाहुण्या संघाचे लोक तिथं जाऊन 'ओल्ड ट्रॅफर्ड पडतंय पडतंय' असं बालवाडीच्या चालीवर गातात, त्याला निसर्गानंच ठेका धरला. या मैदानाला युनायटेडच्याच बॉबी चार्ल्टननं 'स्वप्नांचं नाट्यगृह' म्हटलं होतं. आता नाट्यगृह म्हटलं की गळकं छप्पर आलंच, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

भाच्याचं उत्तर लगेच आलं : 'मामा, 20.'

म्हणजे इंग्लिश लीगची विजेतेपदं. मी लिहिलं, 'आमचीपण 20. महिना झाला. पेढे मिळाले नाहीत का?'

थोडा वेळ शांतता. मग आला तो हुकमी एक्का : '1999.'

या पोराचा जन्म 2003 चा. पण 26 मे 1999 ची बार्सिलोनाची रात्र तो अशी सांगतो, की कॉर्नरच्या झेंड्याजवळ हाच चेंडू घेऊन उभा होता. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बायर्न म्युनिक एक गोलनं पुढं, नव्वद मिनिटं संपलेली, मग शेरिंगहॅमचा गोल, मग सोल्शारचा. सोल्शारच्या पायाचा उल्लेख आला की त्याचा आवाज कीर्तनकारासारखा चढतो. पुढं 2018 च्या डिसेंबरात त्याच सोल्शारला युनायटेडनं प्रशिक्षक म्हणून आणलं, तेव्हा मी भाच्याला म्हटलं होतं, "अरे, फोटो भिंतीवरून काढून खुर्चीत बसवला म्हणून माणूस होत नाही." दोन महिने बोलला नाही माझ्याशी.

युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन 2013 ला निवृत्त झाले. जाताना विसावं विजेतेपद देऊन गेले. त्यानंतर मोयस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, राँगनिक, टेन हाग, अमोरिम. 2024-25 चा हंगाम संपला तेव्हा युनायटेड पंधराव्या क्रमांकावर होतं. त्याच मेमध्ये बिल्बाओला युरोपा लीगचा अंतिम सामना झाला, त्या दिवशी लीगमध्ये सोळावा असलेला युनायटेड विरुद्ध सतरावा असा. त्यात सतराव्यानं, म्हणजे टॉटनहॅमनं, सोळाव्याला हरवलं. इतका निर्मळ आनंद मला माझ्या बढतीच्या वेळी झाला नव्हता.

माझी एक खोड आहे. लिव्हरपूल जिंकलं की मी गोल पुन्हा बघत बसत नाही. युनायटेड हरलं की मात्र त्यांच्या प्रशिक्षकाची पत्रकार परिषद शेवटपर्यंत ऐकतो. चहा घेऊन. मग टीव्हीवर त्यांचे जुने खेळाडू येतात. गॅरी नेव्हिल सुस्कारे सोडतो, रॉय कीन दाढीतून गुरगुरतो, आमच्या वेळी असं नव्हतं, आमच्या वेळी ड्रेसिंग रूममध्ये असं कुणी केलं असतं तर... मी पुढचं वाक्य त्यांच्या आधी म्हणतो. बायको म्हणते, "तुझी टीम नक्की कुठली?"

प्रश्न बरोबर आहे. पण हे मी शिकलो ते ऐकून घेऊनच. 1990 नंतर लिव्हरपूलला लीग जिंकायला तीस वर्षं लागली, आणि त्या तीस वर्षांत आम्ही अठरा विजेतेपदांच्या गोष्टी सांगत फिरत होतो. नव्वदच्या दशकात लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर आमच्याच लोकांनी कापडी फलक लावला होता. युनायटेडच्या काँतोनाला उद्देशून, अठरा झाल्या की परत या, अशा अर्थाचा. त्यांच्या तेव्हा निम्म्याच्या आसपास झाल्या होत्या. ते अठरा करून आले, मग एकोणीस करून आले. लिव्हरपूलला त्यांच्या दांडीवरून खाली पाडणं हे आपलं सगळ्यांत मोठं काम होतं, असं फर्ग्युसननी सांगून ठेवलं होतं. दरवर्षी ऑगस्टमध्ये 'यंदा आमचंच' म्हणायचं आणि डिसेंबरात गप्प बसायचं. शेवटी 2020 ला पंचवीस गुणांची आघाडी घेतली, तर करोनानं लीगच थांबवली! हंगाम रद्द करा म्हणून कोण कोण ओरडत होतं ते मी लक्षात ठेवलंय. त्यात भाचाही होता, शाळेच्या गणवेशात.

पण टवाळीच्या बाबतीत युनायटेडच्या लोकांचा हात कुणी धरू नये. मँचेस्टर सिटीनं 1976 ला लीग कप जिंकला आणि त्यानंतर त्यांच्याकडं काही येईना. तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडला एक फलक टांगलेला असे. त्यावर फक्त वर्षांचा आकडा, आणि तो आकडा बदलता येण्यासारखा. बत्तीस, तेहतीस, चौतीस. मला त्या आकडा बदलणाऱ्या माणसाचं फार कौतुक वाटतं. स्वतःचा संघ इंग्लंड जिंकतोय, युरोप जिंकतोय, आणि हा दरवर्षी इमानानं वर चढून शेजाऱ्याच्या दारिद्र्याचा नवा आकडा लावतोय. घरातल्या कुणाचा वाढदिवस त्याला आठवत असेल का, शंका आहे. मग 14 मे 2011 आला. त्या एकाच दिवशी युनायटेडनं ब्लॅकबर्नला बरोबरी साधून एकोणिसावं विजेतेपद घेतलं, आमच्या अठराच्या पुढं गेले, आणि तिकडं वेम्बलीवर सिटीनं स्टोकला हरवून एफए कप उचलला. फलक उतरवावा लागला. त्यांच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या दिवशी त्या माणसाला शिडी घेऊन खाली यावं लागलं असेल.

टवाळीचं हेच तर आहे. ज्याची टिंगल करायची त्याचं पंचांग पाठ लागतं. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरेन, पण दुसऱ्याच्या श्राद्धाची तिथी विसरणार नाही. 27 एप्रिल घ्या. 1974 च्या 27 एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर सिटीच्या डेनिस लॉनं टाचेनं गोल मारला. लॉ मुळात युनायटेडचा लाडका, 'द किंग'. गोल मारून तो आनंदला नाही, चेहरा पाडून चालू लागला, आणि युनायटेड खालच्या विभागात गेलं. बाकीचे निकाल पाहता ते तसंही जाणारच होतं, पण हे वाक्य टवाळी करताना कुणी म्हणत नाही. 2014 च्या 27 एप्रिलला आमचा कर्णधार जेरार्ड चेल्सीविरुद्ध घसरला, डेम्बा बा चेंडू घेऊन पळाला आणि हातातोंडाशी आलेली लीग गेली. त्या घसरण्यावर गाणं निघालं. भाचा दर 27 एप्रिलला सकाळी सकाळी ते मला रेकॉर्ड करून पाठवतो. आवाज बेसूर, पण नेम चुकत नाही. आणि 2025 च्या 27 एप्रिलला आम्ही टॉटनहॅमला 5-1 हरवून विसावं घेतलं. त्या सकाळी गाणं आलं होतं. रात्री मी फक्त तारीख पाठवली.

मी कोल्हापूरचा, त्यामुळं हे रक्तातच असावं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आम्ही पेठापेठांचे, तालमी-तालमींचे सामने पाहिले. पीटीएम, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस. तिथं फुटबॉल हा खेळ नसतो, ईर्षा असते. लहानपणी एका संध्याकाळी आमच्या पेठेनं मोठी मॅच मारली. कुणाविरुद्ध ते सांगत नाही, पाहुणे तिकडचे आहेत. घरी परतायला सरळ रस्ता होता, पण मिरवणूक मुद्दाम वाकडी वाट करून हरलेल्या तालमीवरून नेली. तिथं आल्यावर हलगीवाल्याला थांबवलं. पंधरा मिनिटं तिथंच, जाग्यावर. गुलाल इतका, की नाकात खाज सुटली. तालमीचं दार अर्धं लोटलेलं, आत ट्यूबलाइट. फटीतून कपाटातल्या जुन्या शिल्डी दिसत होत्या, वर हार घातलेला कृष्णधवल टीमचा फोटो. आमची पोरं ओरडायला लागली, "शिल्डी पुसा, शिल्डी! बुरशी आली!"

बाहेर कट्ट्यावर एक म्हातारा शेंगा फोडत बसला होता. डोक्याला पटका, मांडीवर टरफलं. त्यानं शांतपणे विचारलं, "कुणाला हरवलासा रं?"

"तुम्हास्नी!" सगळे एका सुरात.

"मग वाजवा की जोरात," तो म्हणाला. "लहानसहानाला हरवून कोण हलगी लावतंय?" आणि पुढची शेंग फोडली.

हलगी वाजत राहिली, पण मजा जरा कमी झाली. आमच्यातला एक जण तर शेंगा मागून खायला लागला.

एवढं सगळं पंचांग पाठ असलं तरी दोन तारखा त्यात नाहीत. 6 फेब्रुवारी 1958. बेलग्रेडहून परतताना म्युनिकच्या विमानतळावर युनायटेडचं विमान उडता उडता कोसळलं. तेवीस माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. दुसरी 15 एप्रिल 1989. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जाळीआडच्या गर्दीत लिव्हरपूलची माणसं चिरडली गेली. आकडा शेवटी 97 झाला, कारण सत्त्याण्णवावा जखमी बत्तीस वर्षांनी, 2021 मध्ये गेला. त्या माणसांचाच दोष होता असं आधी सांगितलं गेलं. तसं नव्हतं, हे चौकशीच्या ज्यूरीनं म्हणायला 2016 उजाडलं.

पण आमच्यातलेच काही जण युनायटेडच्या लोकांसमोर दोन्ही हात विमानासारखे पसरून डुलत आले आहेत. आणि 2023 च्या एफए कपच्या अंतिम सामन्याला, वेम्बलीवर, युनायटेडचा शर्ट घातलेला एक माणूस आला. पाठीवर 97 हा आकडा आणि 'एवढे पुरे नाहीत' अशा अर्थाचे शब्द. कोर्टानं त्याला चार वर्षं मैदानाबाहेर ठेवलं. तो शर्ट त्यानं दुकानात जाऊन, आकडा सांगून, अक्षरं सांगून छापून घेतला असणार, किंवा घरी बसून एकेक अक्षर चिकटवलं असणार. मी पुन्हा पुन्हा तिथंच अडकतो.

त्या 97 जणांतला सगळ्यांत लहान दहा वर्षांचा होता. जेरार्डचा भाऊ लागायचा तो, नात्यातला. जेरार्ड स्वतः तेव्हा आठ वर्षांचा.

भाच्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. पोरगा मनानं मऊ आहे. कळलं तर 27 एप्रिलचं ते गाणं पाठवणं बंद करेल, आणि तसं मला नकोय.