माळ्यावरचा फर्मेंटर खाली काढताना

घरी बिअर बनवण्याचा छंद काही वर्षं सुटला आणि पुन्हा हात घालायचा झाला, की बहुतेक जण आधी रेसिपीची जुनी वही उघडतात. त्यातली सर्वांत आवडलेली बिअर निवडायची आणि थेट वीस लिटरचा घाट घालायचा. माझं मत वेगळं आहे. पहिली खेप दहा लिटरची आणि साध्या पेल एलची, म्हणजे फिकट रंगाच्या हलक्या बिअरची असावी. ती सामानाची परीक्षा म्हणूनच करावी. मधल्या काळात बिघडलेल्या बऱ्याच गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. काळ्या, कडक स्टाउटमध्ये त्यांचे दोष झाकले जातात, पेल एलमध्ये मात्र लगेच जिभेवर येतात.

सुरुवात नळ्यांपासून करा. सायफनची नळी, बाटल्या भरायची नळी, एअरलॉकचं (आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेचं) रबरी बूच आणि तोटीचे वॉशर सरळ फेकून नवे आणा. नळी आतून स्वच्छ दिसली तरी तिच्यात वाळलेल्या वर्टचा (न आंबलेल्या गोड मॉल्ट-पाण्याचा) पातळ थर असू शकतो आणि त्यात जंगली यीस्ट आणि आंबटपणा आणणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू आरामात तग धरतात. प्लास्टिकच्या फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, आतल्या बाजूवरून बोट फिरवा. ओरखडे लागले तर तो इतर कामाला वापरा, कारण ओरखड्याच्या आत जंतुनाशक नीट पोचत नाही. स्टील आणि काच मात्र वर्षानुवर्षं टिकतात.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी सोडियम परकार्बोनेट, लिटरभर गरम पाण्याला ४ ते ५ ग्रॅम, अर्धा तास भिजवून स्वच्छ खळबळून घ्या. मग वापराच्या आधी फॉस्फोरिक आम्लाचं स्टार सॅनसारखं जंतुनाशक, लिटरला साधारण १.६ मिली, दोन मिनिटं लागू द्या. त्याचा फेस राहिला तरी चालतो, पुन्हा धुवायचं नाही. मळ राहिलेल्या भांड्यावर कोणतंही जंतुनाशक काम करत नाही, आणि बहुतेक आंबट खेपांचं मूळ इथेच असतं.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायची काचनळी, त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या शुद्ध पाण्यात तरंगवून बघा. १.००० दाखवायला हवं. आतली कागदी पट्टी सरकली असेल तर फरक लिहून ठेवा आणि प्रत्येक मोजणीत तो वजा किंवा अधिक करा. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्यावर यायला हवा.

जुना माल मोडीत काढा. हॉप्सना (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वाळलेल्या फुलांना) जुन्या चीजसारखा वास येत असेल तर ते गेले. दळलेला मॉल्ट (मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे) काही महिन्यांतच शिळा होतो, द्रवरूप मॉल्ट अर्क काळवंडतो. द्रव यीस्टचं तर बोलायलाच नको. कोरडं यीस्ट फ्रिजमध्ये, पाकीट न फोडता ठेवलं असेल तर मुदतीच्या आत चालतं, पण पहिल्या खेपेला नवं पाकीटच वापरा. खेप फसली तर दोष कुठे शोधायचा, हे त्यामुळे सोपं जातं.

आता दहा लिटरचं माप. साडेबारा लिटर पाणी ६५ ते ७० अंशांवर न्या आणि २०० ग्रॅम दळलेला क्रिस्टल मॉल्ट (रंग आणि गोडवा देणारा भाजलेला मॉल्ट) कापडी पिशवीत घालून पंचवीस मिनिटं भिजवा. पाणी आणखी तापण्याआधी पिशवी बाहेर काढा, नाहीतर टरफलांतला तुरटपणा उतरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आदल्या दिवशीच चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाका. ते न केल्यास बिअरला दवाखान्यासारखा वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही.

पाणी उकळायला आलं की आच बंद करून १.२ किलो कोरडा मॉल्ट अर्क ढवळत मिसळा. आच चालू ठेवली तर तो तळाला लागतो. पुन्हा उकळी येताना फेस एकदम वर चढतो, तेव्हा भांड्यापासून हलू नका. उकळी स्थिर झाली की १० टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा देणाऱ्या घटकाचे) १० ग्रॅम हॉप्स घाला आणि तासभर झाकण न ठेवता उकळा. शेवटच्या दहा मिनिटांना आणखी १० ग्रॅम आणि आच बंद केल्यावर १५ ग्रॅम. कडवटपणा ३० आयबीयूच्या (कडवटपणा मोजायच्या एककाच्या) आसपास येतो. सुरुवातीची घनता १.०४८ आणि शेवटची १.०१२ धरली, तर दोन्हींतल्या फरकाला १३१ ने गुणून अल्कोहोल सुमारे ४.७ टक्के निघतं.

भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून वर्ट २० अंशांपर्यंत उतरवा. दहा लिटरला अर्धा तास पुरतो, वीस लिटरला मात्र याच पद्धतीने फार वेळ जातो. म्हणूनही पहिली खेप छोटी. फर्मेंटरमध्ये ओतताना उंचावरून ओता, हवा मिसळू द्या, आणि ६ ग्रॅम कोरडं एल यीस्ट वरून शिंपडा. ते आधी पाण्यात भिजवणं आता बहुतेक उत्पादक आवश्यक मानत नाहीत. आठवड्याने दुसऱ्या भांड्यात उपसण्याची जुनी सवयही सोडा. मृत यीस्टवर बिअर राहिल्याने चव बिघडते ही भीती घरगुती मापात तीन-चार आठवड्यांपर्यंत बाळगायचं कारण नाही. उलट उपसताना हवा लागून बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

सर्वांत जास्त काळजी पहिल्या तीन दिवसांच्या तापमानाची घ्या. आंबताना वर्ट स्वतःच खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी गरम होतं. म्हणून खोली नव्हे, भांड्याची बाजू मोजा आणि ती १८ ते २० अंशांत ठेवा. २५ च्या वर गेलं की फळांचा भडक वास आणि घसा जाळणारे जड अल्कोहोल तयार होतात. भांडं पाण्याच्या टबात ठेवून गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलल्या तरी पुरेसा फरक पडतो. थंडावा ठेवणं जमतच नसेल तर नॉर्वेतल्या शेतघरांत टिकून राहिलेलं क्वाइक यीस्ट घ्या. ३० ते ३५ अंशांतही ते स्वच्छ काम करतं.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नका. झाकणातून गळती असेल तर बुडबुडे येतच नाहीत. दोन आठवड्यांनी घनता मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा तोच असेल आणि लोण्याचा वास नसेल तर बाटल्या भरा. घाई केली तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि काच फुटते, त्यामुळे या पायरीवर शॉर्टकट नको.

लिटरला ६ ग्रॅम साखर पुरते. गाळ सोडून ९ लिटर उरतात असं धरलं तर ५४ ग्रॅम. ती थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून भरायच्या भांड्यात आधी ओता आणि त्यावर बिअर शांतपणे, फेस न उडवता उतरवा. प्रत्येक बाटलीत वर तीन सेंटीमीटर जागा ठेवा. काचेच्या बाटल्या फक्त दाब झेपणाऱ्या बिअरच्याच वापरा.

बाटलीभर बिअर सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवा. २० अंशांवर आठ-दहा दिवसांनी ती दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की गॅस तयार झाला. मग ती दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून उघडा. वास आंबट, औषधी किंवा हिरव्या सफरचंदाचा नसेल, तर सामान ठीक आहे आणि पुढची खेप वीस लिटरची घ्यायला हरकत नाही.